चेहऱ्यांत पैकीच्या पैकी

३ नोव्हेंबर, सकाळ
रोजनिशी सुरू. कारण एकच. या घरात माझं म्हणणं धड ऐकून घेणारं कोणी उरलेलं नाही. बायको ऐकता ऐकता उठून जाते. मुलगी फोनवर दोन वाक्यं ऐकते आणि आईकडे फोन द्या म्हणते.
संकल्प: उद्यापासून स्टुडिओ नऊच्या ठोक्याला उघडायचा. पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा पिवळा पडलाय, तो बदलायचा. रोज दाढी. रोज फिरायला जाणे. उगाच बसून राहायचं नाही.

४ नोव्हेंबर
स्टुडिओ उघडला नाही. आभाळ आलं होतं. ही म्हणाली, की स्टुडिओला खिडकीच नाही, आभाळाचा काय संबंध. फोटोग्राफीतलं हिला ओ की ठो कळत नाही.
सोफ्यावर बसलो. उगाच नव्हे, विचार करत. कसला ते आता आठवत नाही. महत्त्वाचा असेल तर परत येईल.

८ नोव्हेंबर
स्टुडिओ उघडला! म्हणजे कुलूप हिने काढलं, झाडलं हिने, मला खुर्चीत बसवलं हिने. पण उघडला.
एक तरुण बाई आली. नवरा गेला म्हणे मागच्या आठवड्यात. त्याचा एकट्याचा फोटो नाही, मित्रांबरोबरचा आहे, त्यातून मोठा करून हवा होता. चांगला फोटो होता, पाच जण खिदळतायत. बाकीच्यांना कापायचं की ठेवायचं, म्हणजे तेही गेले का, एवढंच मी विचारलं. बाई उठून निघून गेली. फोटोही घेऊन गेली.
गिऱ्हाइकं पूर्वीसारखी राहिली नाहीत. दुकान बंद करून घरी आलो.

११ नोव्हेंबर
स्टुडिओच्या शेजारचा चष्मेवाला. माझा जुना दोस्त. त्याचा धाकटा भाऊ वारला. ही मला ओढतच घेऊन गेली. सगळे सतरंजीवर बसलेले. बराच वेळ कोणी काही बोलेना. माझ्या चष्म्याची काडी त्याच्याकडे दुरुस्तीला पडलीय, म्हणून मीच विषय काढला, की दुकान आता कधी उघडतोस. चष्मेवाल्याने रुमाल काढून तोंडाला लावला. सर्दी असणार.
हिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की काळंनिळं झालंय. आता विचारायचंच नाही, तर काडी मिळणार कशी?

१९ नोव्हेंबर
ही स्वयंपाकघरात पडली. फरशी ओली होती. अहो, अहो, अशी हाक आली म्हणून मी टीव्ही सोडून गेलो. दारातून पाहिलं. पडलेली होती. मग परत येऊन बसलो.
यावरून केवढं रामायण! माझं म्हणणं सरळ आहे. तिने नुसतं अहो म्हटलं. उचला म्हटलं नाही. मनातलं ओळखायला मी काय ज्योतिषी आहे?
शेवटी ती स्वतःच उठली, वरच्या मजल्यावरची शिकवणीवाली बाई तिला दवाखान्यात घेऊन गेली. मनगटाला प्लास्टर. मला कोणी चल म्हटलं असतं तर मीही गेलो असतो. बहुतेक.
जेवायला उशीर झाला.

२० नोव्हेंबर
हिच्या डोळ्यांतून फार पाणी येतं हल्ली. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, काही कारण नसताना. ऍलर्जी. चष्मेवाल्याला दाखवायला सांगणार आहे. पण तो हल्ली मला पाहिलं की शटरमागे जातो.

२३ नोव्हेंबर
मुलगी आली. येताच आईच्या प्लास्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपाळावर आठी. प्रवासात दमली असेल. मायलेकी आतल्या खोलीत कुजबुजत बसल्या. ठराव असा झाला, की मला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं.
मला! पडली ही, आणि तपासणी माझी!
जाणार नाही असं ठणकावून सांगायचं ठरवलं. सकाळी सांगतो.

२ डिसेंबर
गेलो. वाद घालायचा कंटाळा आला.
डॉक्टर तरुण आहे, भला आहे, पण हसताना एक भुवई वर जाते. याचा फोटो काढायचा तर डावी बाजू घ्यावी लागेल. त्याने तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सगळं डाव्या हातचा मळ. मी म्हटलं, विसरायचं काय घेऊन बसलात, तुमच्या या गल्लीतल्या कोणत्या लग्नात कोणाचे डोळे मिटलेले आले, तेही सांगतो.
डॉक्टर हिला म्हणाला, की एक आजार असा असतो, त्यात विसर पडत नाही. मेंदूचा पुढचा भाग हळूहळू झिजतो. माणसाची कशातली आस्था जाते. आपणहून काही करावंसं वाटत नाही, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते कळत नाही. त्याला स्वतःला मात्र वाटतं, आपलं सगळं ठीक आहे. स्कॅनमध्ये सुरुवातीला दिसेलच असं नाही. माझा सकाळीच काढला होता, त्यात दिसलं नाही. म्हणून चेहरे ओळखायची एक टेस्ट घ्यायची.
बिचारे असे रुग्ण. जवळच्यांचे किती हाल होत असतील!

९ डिसेंबर
चेहरे ओळखायची टेस्ट. मला! ज्याने सगळी हयात हनुवटी थोडी खाली, डोळे इकडे, म्हणण्यात घालवली त्याला!
टेस्टवाली बाई पोरगेली, गोड बोलणारी. स्क्रीनवर एकेक चेहरा येणार, खाली सहा शब्द: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. एक निवडायचा. फोटो भिकार. एकाच्या नाकाखाली काळीकुट्ट सावली. एका बाबाच्या डाव्या गालावर दिवा नुसता सांडलाय. एका बाईच्या मागच्या पडद्याला ही मोठी सुरकुती, इस्त्री करायलाही कोणाला सुचलं नाही. मी प्रत्येक फोटोतली चूक सांगत होतो, ती म्हणत होती, की काका, भाव सांगा.
एका बाईचे चांगले दात दिसत होते, तोंड ताणलेलं. मी आनंद म्हटलं. ते म्हणे दुःख. दात दाखवून कोणी दुःखी होतं का?
हे उत्तर तिने मला सांगायचं नसतं. पण टेस्ट संपल्यावर मी खुर्चीतून उठेचना. म्हटलं, माझ्या धंद्याचा प्रश्न आहे, कोणत्या फोटोचं खरं उत्तर काय ते कळल्याशिवाय मी इथून हलत नाही. बाहेर माणसं खोळंबली. शेवटी तिने भराभर सगळी दाखवून टाकली आणि हात जोडले.

१२ डिसेंबर
नापास. थोडाथोडका नाही, सपशेल.
डॉक्टर म्हणाला, की लगेच शिक्का मारायचा नाही. डिप्रेशन असू शकतं, नुसता स्वभाव असू शकतो, तो आजार असू शकतो. तीन महिने गोळ्या घ्या, मग हीच टेस्ट परत.
ही रिक्षात माझ्या शेजारी बसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. प्लास्टरचा. जड लागत होता. मी बाजूला केला.

१४ डिसेंबर
ही मुलीशी फोनवर बोलत होती. मी शेजारीच सोफ्यावर होतो, पण मी समोर असलो तरी हल्ली ती आवाज खाली आणत नाही. म्हणाली, की हा आजार असेल तर मी मरेपर्यंत यांचं सगळं करीन, एका शब्दाने कुरकुर करणार नाही. पण आजार नसेल, धडधाकट असताना हा माणूस मला जमिनीवर पडलेली बघून टीव्हीपुढे जाऊन बसला असेल, तर मला इथे नाही राहायचं. मी तुझ्याकडे येईन ती कायमची.
हिशोब साफ आहे. मी बरा निघालो, की हिची सेवेतून सुटका, आणि मुलीकडे आराम. म्हणजे बरं निघणं हे माझं कर्तव्य झालं.
संकल्प: पुढच्या टेस्टला पैकीच्या पैकी.

२० डिसेंबर
निकाल लागला माझा आणि सुधारली ही. चमत्कारच म्हणायचा. ओरडत नाही. एका हाताने माझा शर्ट इस्त्री करते. काल माझी नखं कापून दिली. आमटीत मीठ जास्त झालंय असं मी तीनदा म्हणालो, तर तीनदा हो म्हणाली. शिकवणीवाल्या बाईला सांगत होती, की आता राग येत नाही हो, तो माणूस करतच नाहीये हे, आजार करतोय.
मी मध्ये पडून सांगितलं, की सगळं मीच करतोय. 

१ जानेवारी
नवं वर्ष. संकल्प तेच, नवीन काढायचा कंटाळा आला. भर म्हणून एकच: आरशासमोर उभं राहून रोज चेहऱ्यांचा अभ्यास.

२ जानेवारी
आरशासमोर उभा राहिलो. राग करून पाहिला. किळस करून पाहिली. दोन्ही वेळा तोच माणूस. दाढी वाढलीय.

१७ जानेवारी
हिने ट्रंकेतून एक जुना फोटो काढून माझ्यापुढे धरला. मीच काढलेला, लग्न ठरायच्या आधीचा. ही कॉलेजच्या आयडी फोटोसाठी आमच्या स्टुडिओत आली होती. मी म्हणे मुद्दाम रोल संपल्याची बतावणी केली, नाकावर लेन्सचं झाकण बसवून दाखवलं आणि ही हसून विसरली, की आपण कॅमेऱ्यासमोर आहोत, तेव्हा खटका दाबला. मग म्हणे दर वर्षी तिच्या वाढदिवसाला मी तो फोटो बघून काही ना काही बोलायचो. तिने विचारलं, की हा बघून आता काय वाटतं.
नीट पाहिला. म्हटलं, कपाळावर फ्लॅश भडकलाय.
तिने फोटो परत ट्रंकेत ठेवला. पाठमोरी होती, खांदे हलत होते. ट्रंक जड आहे. कोणालातरी हाक मारायला हवी होती तिने.

६ फेब्रुवारी
हाड लवकर जुळेना, म्हणून हिचं प्लास्टर आज कुठे निघालं. मी दवाखान्यात गेलो नाही, पण जाऊन ये असं दोनदा म्हणालो. स्टुडिओचा मालक आला होता. बंदच ठेवायचा तर जागा सोडा म्हणाला. हिने हात जोडून मुदत मागितली. मला विचारलं असतं तर मी सोडून दिली असती, एक कटकट कमी.

१० मार्च, दुपार
विजय! विजय!
आज टेस्ट परत. मागची बाई रजेवर, जागेवर नवीन बाई, चष्म्याची, कमी बोलणारी. फोटो तेच, जसेच्या तसे. आता एखादा फोटो मी एकदा पाहिला, की त्याचा लाइट माझ्या डोक्यातून जात नाही, देवाने हेच एक दिलंय. नाकाखाली काळी सावली: भीती. डाव्या गालावर दिवा सांडलेला: किळस. पडद्याला सुरकुती: दुःख. चेहऱ्याकडे बघायची गरजच पडली नाही. संशय नको म्हणून एखादा मुद्दाम चुकवावा असं मनात आलं होतं, पण हात थांबला नाही.
चष्मेवाली बाई दोनदा आकडा तपासून आत गेली.

१० मार्च, संध्याकाळ
डॉक्टरने उठून माझा हात हातात घेतला. म्हणाला, की इतका फरक त्या आजारात पडत नाही. हे नॉर्मल माणसाच्याही वर आहे. तेव्हा तो आजार नाही, काळजी सोडा. राहिला तो स्वभावाचा आणि घरातल्या संबंधांचा प्रश्न. त्यासाठी दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा.
हिने विचारलं, की डॉक्टर, चूक तर होत नाही ना. त्याने नाही म्हटलं. हिने परत तेच विचारलं. तोंडावर अपमान त्या भल्या माणसाचा! मला शरमेने मान खाली घालावीशी वाटली, पण त्याच्या टेबलावर माशांची काचपेटी होती, तिच्याकडे बघत बसलो.
येताना हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला नाही. बरं झालं.

१२ मार्च
ही बोलत नाही. स्वयंपाक करते, ताट ठेवते, उठून जाते. मी म्हटलं, की पैकीच्या पैकी मिळवले, निदान गोड काहीतरी कर. तेव्हा बोलली. म्हणाली, की तुम्हाला आजार असू दे, असं मी तीन महिने देवाकडे मागत होते. आपल्या माणसाला असलं मागते म्हणून स्वतःची लाज वाटायची, तरी मागत होते. आता कळलं. तुम्हाला सगळं दिसत होतं. मी पडले तेव्हाही दिसत होतं.
दिसतच होतं की. मी कुठे नाही म्हटलं?

१५ मार्च
ही गेली.
मुलगी गाडी घेऊन आली होती. दोन बॅगा आणि ती ट्रंक. डबे कुठे आहेत, गोळ्या कोणत्या कधी, हे शिकवणीवाल्या बाईला सांगून झालं. मुलगी खाली सामान लावत होती. ही दारात थांबली. म्हणाली, की एवढे चेहरे ओळखलेत, एक शेवटचा ओळखा. माझ्याकडे बघा आणि सांगा काय दिसतंय.
मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि पाहिलं. लाइट मागून येत होता, जिन्याच्या खिडकीतून, त्यामुळे काम अवघड. हा फोटो टेस्टमध्ये नव्हता. पण तोंड ताणलेलं, दात दिसत होते, डोळे चमकत होते. मी म्हटलं, आनंद.
तिने विचारलं, की खरंच असं दिसतंय, की चेष्टा करताय.
म्हटलं, शंभर टक्के.
ती म्हणाली, की जाताजाता तरी टोमणा मारायला नको होता. आणि जिना उतरली.
आनंदात गेली हे उत्तम. मलाही आता मोकळा वेळ. संकल्प: उद्यापासून स्टुडिओ नऊला.

१६ मार्च
चहा कोणी केला नाही. वाट पाहिली.

१९ मार्च
स्टुडिओची किल्ली सापडत नाही. शोधली नाही, पण सापडत नाही. शिकवणीवाली बाई डबा ठेवून जाते, आत येत नाही. गोळ्या घ्यायच्या राहतात. दिवसभर एकाच जागी बसल्याने उजवा पाय बधिर होतो. मग डाव्या बाजूला सरकतो. एवढी हालचाल पुरे.

२२ मार्च
मुलीचा फोन. म्हणाली, की आई जेवत नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, तुम्हाला एकदाही फोन करावासा वाटला नाही का. मी म्हटलं, अशक्य. इथून निघाली तेव्हा चांगली आनंदात होती.
ती म्हणाली, बाबा, आई दारात रडत होती. खाली आली तेव्हा तिला धड पायऱ्या दिसत नव्हत्या.
मी म्हटलं, की दात दिसत होते, मी स्वतः पाहिले.
 ती म्हणाली, की तुम्हाला खरंच असं वाटलं? म्हटलं, वाटायचं काय त्यात, दिसलं. तिने विचारलं, की मग टेस्टमधले सगळे चेहरे कसे ओळखले. तेव्हा मी तिला सविस्तर सांगितलं: नाकाखालची सावली, सांडलेला दिवा, पडद्याची सुरकुती, आधीच्या बाईने सांगितलेली उत्तरं, सगळं. या कामात बापाचं डोकं कसं चालतं, ते पोरीला कळायला हवं.
पलीकडून एक आवाज आला. हसली, रडली की शिंकली, फोनवर चेहरा दिसत नसल्याने निष्कर्ष राखून ठेवतो. मग तिने आईला हाक मारली. आई, लवकर ये, अशी, मोठ्याने. फोन तसाच चालू राहिला. मी थोडा वेळ ऐकलं आणि ठेवून दिला.

२३ मार्च, पहाट
बेल वाजली. उठलो नाही. ज्याला यायचं तो परत वाजवेल. किल्लीने दार उघडून ही आत आली. बॅगा दारातच टाकल्या. गाडीतून रात्रभर आलीय म्हणे. माझ्यापुढे फरशीवर बसली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. बरं नाही, बरंच नाही, तुम्हाला काहीच कळत नव्हतं हो, असं काहीबाही बोलत होती. मी विचारलं, की बरं कोणाला नाही, तुला की मला. त्यावर तिने माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं.
मग उठून चहा केला. चांगला झाला होता.

२७ मार्च
डॉक्टरने माझे मार्क रद्द केले. पैकीच्या पैकी, एका झटक्यात शून्य! चष्मेवाल्या बाईने या वेळी स्क्रीनवर हलते चेहरे दाखवले, बोलणारे, कोणाचाही लाइट एका जागी ठरेना. तोंडावर पडलो. डॉक्टरने कागदावर आजाराचं नाव लिहिलं. लांबलचक आहे. म्हणाला, की हे परतणार नाही, वाढत जाईल. पुढे तुम्हाला यांना भरवावंही लागेल. ही सगळ्याला हो म्हणत होती, आणि डोळ्यांना पदर लावत होती. ऍलर्जीचं मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.
मी म्हटलं, की तुझी मुलीकडची सुट्टी बुडाली माझ्यापायी. ती म्हणाली, बुडू दे.

२८ मार्च
संकल्प: काही सुचत नाही.
ही शेजारी बसलीय. डावा हात माझ्या हातावर ठेवलाय, प्लास्टरमधून निघाल्यापासून बारीक झालाय तो. त्यामुळे वही हलते आणि अक्षर वाकडं येतंय. ही माझ्या चेहऱ्याकडे बघतेय. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला विचारत नाही. हात काढ असं सांगणार होतो. कंटाळा आला. राहू दिला.